आक्काच्या कानातलं ठिगळ

आक्का शिंपीण होती आणि तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलंय म्हटल्यावर तिने डॉक्टरणीलाच सुनावलं, "ठिगळच लावायचं ना? मग एवढं तोंड पाडून काय सांगता?"

डॉक्टरणीने कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून पडद्याला लावला. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, कानात थेंबभर पाणी जाऊ द्यायचं नाही, सिगारेट बंद. "मी कुठे ओढते?" आक्काने ठोकून दिलं. शेजारी बसलेल्या वहिनीने छताकडे पाहिलं.

घरी पथ्य कडक. शिंक आली की आक्का असा जबडा वासायची की भाऊ ताटासकट मागे सरकायचा. फक्त दुकानामागच्या जिन्यात रोज धूर निघायचा. धूर जातो छातीत, त्याचा कानाशी काय संबंध, हे तिचं शास्त्र.

पुढे कान पुन्हा वाहू लागला. ठिगळ सुटलं होतं.

डॉक्टरीण चक्रावली. "भोक लहान होतं, ऑपरेशनआधी कान कोरडा होता. मग बिघडलं कुठे?"

"तुमचा टाका कच्चा," आक्का म्हणाली.

आता मात्र वहिनीला राहवेना. "डॉक्टर, यांचा जिना सकाळ-संध्याकाळ पेटलेला असतो हो!"

आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीण रागावलीसुद्धा नाही, तेच जास्त झोंबलं. "कापडाचं ठिगळ दोऱ्यावर टिकतं. हे रक्तावर टिकतं. धुराने रक्तवाहिन्या आकसतात. तुम्ही त्याला उपाशी मारलंत, आक्का."

ठिगळाबद्दल दुसऱ्याने शिकवलेलं आक्काला खपत नसे. हे तिने गिळलं.

कान सुकेपर्यंत आणि सिगारेट सुटेपर्यंत तिने घरादाराच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे पाय लहानमोठे शिवले आणि दोष त्याच्या तंगड्यांना दिला. पण सिगारेटला हात लावला नाही.

मग पुन्हा ऑपरेशन झालं, आणि दुसरं ठिगळ धरलं.

"पडदा बंद झालाय," डॉक्टरीण म्हणाली. "ऐकूही बरंच येतंय. पण तरुणपणीचा कान काही परत मिळायचा नाही."

"नको. तरुणपणी तरी कोण चांगलं बोलत होतं?"

बाहेर फाटकाशी एकजण निवांत झुरके घेत उभा होता. आक्का थबकली, आणि मग वहिनीचं मनगट घट्ट धरून म्हणाली, "चल गं लवकर. नाहीतर त्याच्या तोंडातली काढून घेईन."