व्हिल्माबाईंची भाची आणि मऊ स्की

शाळेच्या व्यायामशाळेत त्या शनिवारी अख्खं गाव लोटलं होतं. जुन्या स्कींचा बाजार होता. दारात सॉसेजं उकळत होती आणि आत लोक एकमेकांच्या माळ्यावरची अडगळ हौसेनं विकत घेत होते. ब्रीनाला आज काही झालं तरी मऊ, वळायला सोपी जोडी हवी होती. गेल्या हिवाळ्यात भावाच्या शर्यतीच्या स्की घालून ती घसरली कमी आणि पडली जास्त. शाळेच्या हिवाळी शिबिराला पुन्हा त्याच न्यायच्या म्हटलं तर तिला आत्ताच ताप भरला असता.

बाबांनी आल्या आल्या काळीकुळकुळीत, पहारीसारखी ताठ जोडी उचलली.

"ही घे. चॅम्पियनची आहे."

"बाबा, मी चॅम्पियन नाहीये."

"होशील की."

"तोवर पाय शाबूत राहायला नकोत का? मला मध्यम येतं, मला मध्यमच द्या."

"हळू बोल," बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले. "आपल्या घराण्यात मध्यम कोणी झालेलं नाही."

खरं तर गावातच कोणी झालेलं नव्हतं. ज्याला विचाराल तो पट्टीचा. त्यामुळे मऊ स्की बाजारात यायच्याच नाहीत. त्या आपल्या घरात होत्या हे कबूल करून विकायला कोण आणणार? तरी ब्रीनाला अगदी कोपऱ्यात एक पिवळी जोडी दिसलीच. तिनं झडप घातली. पण दुसऱ्या टोकाला आणखी एक हात होता, खेळाच्या व्हिल्माबाईंचा. दरवर्षी शिबिरात सगळ्यात वरचा गट याच बाई घ्यायच्या आणि गुडघा दुखतो म्हणून डोंगरमाथ्यावरूनच सूचना द्यायच्या.

"बाई, तुम्ही?"

"भाचीसाठी गं," बाई म्हणाल्या, पण हात सोडेनात. "नवखी आहे बिचारी. तू ती काळी घे ना."

"मीही तेच म्हणतोय," बाबा म्हणाले.

"बाई, तसल्याच स्कीवर मी तुमच्या डोळ्यांदेखत कुंपणात घुसले होते."

"पण काय वेगात घुसलीस."

कोणीच सोडेना, तेव्हा दोघी तशाच खेकड्यासारख्या आडव्या चालत लोयझकाकांच्या टेबलाशी पोचल्या. काका स्कीवर बूट अडकवायची पकड ज्याच्या त्याच्या मापानं बसवून द्यायचे. ती सैल राहिली तर स्की एकटीच पुढे निघून जाते, घट्ट झाली तर पाय मोडतो. म्हणून काका प्रत्येकाला विचारायचे, आणि समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं विचारायचे.

"कोणाची ही? वजन किती? स्की कितपत येते?"

मागच्या रांगेनं कान टवकारले.

"भाचीची," बाई म्हणाल्या.

"मग तिचा बूट?"

बाईंच्या खांद्यावर त्यांचेच बूट लटकत होते. "हाच. तिचा पाय मोठा आहे."

"बरं. आणि येतं किती?"

बाईंनी रांगेकडे पाहिलं. रांगेत अर्धे त्यांचे जुने विद्यार्थी. "तशी उत्तमच आहे ती."

"उत्तम? मग ही कशाला? ही मध्यम येणाऱ्यांची. तिला ती काळी न्या."

"काका, ही माझी," ब्रीना खणखणीत आवाजात म्हणाली. "बावन्न किलो. मध्यम. सोप्या निळ्या उतारावर गाणी म्हणते, अवघड लाल उतारावर आईला हाका मारते आणि काळ्या उताराचा फक्त फोटो काढते."

बाबा व्यायामशाळेचं छत निरखू लागले. रांगेत कोणीतरी फिसकलं. बाईंची बोटं एकेक करून सुटली.

काकांनी स्क्रू पिळला. "असं सांगितलं की काम सोपं होतं," ते म्हणाले. "पुढचा?"

बाबांनी मोठ्या मनानं काळी जोडी बाईंच्या हातात दिली. "घ्या बाई, भाचीला शोभेल."

बाईंनी त्या जोडीकडे शर्यत हरल्यासारखं पाहिलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. मग काकांच्या कानाशी वाकल्या. "अशी पिवळीसारखी आणखी एखादी आली तर मला कळव."

"भाचीसाठी?" काका ओरडले.

"नाही," बाई म्हणाल्या. मग ब्रीनाकडे वळल्या. "शिबिरात तू मधल्या गटात ना? या वर्षी तो मीच घेते. पुढे तू राहा, मी मागून सगळ्यांवर लक्ष ठेवीन."