देवीचे वण

जुन्या जालन्यात फोटोग्राफर भालचंद्रांच्या दुकानाला दोन दारं होती. पुढच्या दारानं पुरुष येत आणि मागच्या दारानं बायका. पुढं भालचंद्र फोटो काढत आणि मागं त्यांची बायको रमाबाई. चांगल्या घरची बाई काळ्या कापडात डोकं खुपसून उभी राहते, यावर गल्लीत सुरुवातीला बरीच कुजबुज झाली. पण नाकं मुरडणाऱ्यांच्याच लेकीसुना पुढं एकेक करून मागच्या दारानं यायला लागल्या आणि कुजबुज आपोआप बंद पडली.

भालचंद्रांनी बायकोला हे काम शिकवलं ते काही सुधारणेच्या हौसेनं नव्हे. एका जहागीरदाराच्या घरून निरोप आला होता की बेगमसाहेबांचा फोटो पाहिजे, पण काढणारा पुरुष नको. एवढं मोठं गिऱ्हाईक सोडवेना, म्हणून महिनाभरात रमाबाई तयार झाल्या. बेगमसाहेब पानदान पुढ्यात घेऊन ऐसपैस बसल्या आणि फोटो हातात पडताच त्यांनी तो ज्या काचेवरून छापला ती काचही मागून घेतली, परक्या नजरेला पडायला नको म्हणून. नंतर आलेल्या मारवाडी शेठाणीनं घुंगट छातीपर्यंत ओढूनच फोटो काढवला. बाजूबंद बघितले की घरचे ओळखतात, मग चेहरा कशाला, असं तिचं म्हणणं. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई मात्र पांढरी टोपी घालून थेट भिंगात बघत बसल्या, जणू भिंगालाच औषध पाजायचं होतं. प्रत्येकीची बाई असण्याची तऱ्हा निराळी, आणि ती बघायला रमाबाईंना मनापासून आवडायचं.

त्याहून आवडायचं ते नंतरचं काम. काच धुऊन वाळली की खिडकीशी बसून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं त्या चेहऱ्यावरचे डाग भरत. सुरकुती, तीळ, डोळ्यांखालचं काळं, सगळं जाई. आपल्याकडून कुणी नाराज होऊन गेलं नाही, असं त्या चारचौघींत सांगत आणि ते खरंही होतं. तेवढा गर्व माणसाला असावाच.

१९३८ सालच्या माघात टेंभुर्णीचा भुजंग कापसाची गाडी घेऊन जालन्यात आला. सोबत बायको झुंबरबाई होती. कापूस सरकी काढायच्या जिनात उतरवून त्यानं गाडी मागच्या दाराशी आणून उभी केली आणि स्वतः बैलांपाशीच थांबला. झुंबरबाई तिशीची, काटक, चेहराभर देवीचे खोल वण आणि हनुवटीवर गोंदण. शेतकऱ्याघरची बाई आपण होऊन फोटोला यावी, हे काही रोजचं नव्हतं.

"घरात काही कार्य आहे का?" रमाबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. लेकीला धाडायचा हाय. हैदराबादेला ऱ्हाती, चुलत्याकडं."

याहून जास्त ती बोलली नाही. रमाबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, पदर सारखा केला, भिंगाची टोपी काढली, मनात आकडे मोजले आणि टोपी पुन्हा बसवली. दोन दिवसांनी या, म्हणून सांगितलं. नवरा-बायको सोयऱ्यांकडे मुक्कामाला गेली.

त्या दोन दिवसांत रमाबाईंनी काचेवर जीव ओतला. वण शंभरावर असतील, पण एकेक खड्डा भरून काढला. हनुवटीपाशी काही पुसट ठिपके होते, ओघात तेही भरले. छापून बघितलं तर गुळगुळीत चेहऱ्याची देखणी बाई. भालचंद्र एरवी कौतुकाच्या बाबतीत फार जपून, पण तेसुद्धा म्हणाले, "कमाल केलीस."

झुंबरबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला, दाराच्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघितला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पन ही कोन?"

"तुम्हीच की."

"मी न्हाई बाई."

ती रागावली नव्हती. खाली बसली आणि परवा जे बोलली नव्हती ते बोलायला लागली.

"आठ वर्सं झाली, गावात देवीची साथ आल्ती. मला ताप चढला, अंगावर फोड दिसले. मी जाऊबाईला लांबूनच म्हनलं, ह्या पोरीला उचल आन् जल्दी गाव सोड. तीन वर्सांची होती माझी द्वारका. दिराला हैदराबादेत गिरनीत काम लागल्तं, तिकडं घेऊन गेले. मी वाचले. पन जावेच्या पोटी लेकरू न्हाई, तिचा जीव जडला. आज धाडते, उद्या धाडते करत ऱ्हायली. आमच्या मालकाला भावापुढं बोलवंना. आता दिवाळीत माझा भाऊ कचरू तिकडं गेल्ता. पोर त्याला म्हनली, आईला मी नको होते, म्हून तिनं देऊन टाकलं."

रमाबाईंनी फोटो परत आपल्या हातात घेतला.

"माझं गोंदन तिला याद हाय म्हनं," झुंबरबाई हनुवटीला हात लावून म्हणाली. "मांडीवर बसून त्यावर बोट फिरवत ऱ्हायची. त्यावरनं ती मला ओळखंल. आन् हे वन तिनं कधी पाह्यलेच न्हाईत. ते पाहून तिला कळंल, कामून धाडली ते."

रमाबाईंना विलक्षण लाज वाटली. लेकीला दाखवायला त्या बाईजवळ एवढाच पुरावा होता, आणि तो त्यांनी दोन दिवस मन लावून पुसून काढला होता.

त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि काचेवरची पेन्सिल पुसली. वण सगळे परत आले. गोंदण मात्र पुसटच राहिलं, ओळखू येईना. त्या काचांना रंग नीट दिसत नसत. निळं लुगडं पांढरं यायचं आणि लाल कुंकू काळं, हे रमाबाईंना पाठ होतं. निळसर हिरवं गोंदणही तसंच फिकं पडून कातडीत मिसळून जातं, हे मात्र इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं ना. त्यांनी कपाटातून नवी काच काढली.

भालचंद्र मध्ये पडले. "गोंदण दाखव हवं तर, पण चेहरा साफच ठेव. असला फोटो गावभर फिरला तर लोक म्हणतील, ह्यांचा हात बिघडला."

"अहो, फोटो लोकांसाठी नाही, तिच्या लेकीसाठी आहे."

"मग त्याच्यामागं दुकानाचा शिक्का मारू नकोस."

"नाही मारत," रमाबाई म्हणाल्या.

घरातून काजळाची डबी आणि ज्वारीच्या चिपाडाची बारीक काडी आणून त्या झुंबरबाईच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. एका हातानं तिची हनुवटी धरली आणि गोंदणाच्या एकेका ठिपक्यावर काजळ ठेवलं. पाच ठिपके होते, मधला जरा मोठा. "मधला माझ्या आईनं राजूरच्या जत्रंत गोंदवला," झुंबरबाई ओठ न हलवता सांगत होती, "बाकीचे सासूनं." इतक्या बायकांचे चेहरे रमाबाईंनी काचेवर साफ केले होते, पण हात लावलेला हा पहिलाच.

मग नव्या काचेवर फोटो काढला आणि या वेळी पेन्सिल हातात घेतलीच नाही. दुसऱ्या दिवशी फोटो बघून झुंबरबाईनं मान हलवली. "हां. ही मी," म्हणाली आणि फोटो फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. आता पोरीला तो कसा वाटतो, याची काळजी रमाबाईंना लागून राहिली. हे त्यांचं कधी झालं नव्हतं.

चैत्र सरता सरता भुजंगची गाडी पुन्हा मागच्या दाराशी लागली. झुंबरबाईनं कनवटीतून पत्र काढलं. आठ दिवसांपूर्वी आलेलं, अजून न फोडलेलं. गावात वाचून दाखवणारे मास्तर होते, पण आत काय असेल कोण जाणे, ते गावापुढं नको होतं.

मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पत्र रमाबाईंनी वाचलं.

"आईस द्वारकाचा नमस्कार. फोटो पोचला. काकीनं ट्रंकेत ठेवला होता, मी काढून घेतला. हनुवटीवरचे ठिपके पाच आहेत. मला चार आठवत होते. तोंडावर हे काय आहे म्हणून काकीला विचारलं. ती आधी बोलेना, मग रडली आणि सगळं सांगितलं. तुला देवी आल्या तेव्हा पाणी कोण देत होतं?"

झुंबरबाईनं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"कुनीच न्हाई," ती हळूच म्हणाली. "हे भ्याले होते. घागर उंबऱ्याशी ठेवायचे आन् मागच्या मागं शेतात जायचे. मी सरपटत जाऊन प्यायची."

रमाबाईंनी कागद आणि टाक पुढं घेतला. "काय लिहू?"

झुंबरबाईनं दाराबाहेर बघितलं. भुजंग बैलांपुढं कडबा टाकून, डोक्याचं मुंडासं काढून, आतून काय निरोप येतो याची वाट बघत उभा होता.

"लिहा, तुझा बाप देत होता," ती म्हणाली. "वाटीनं, घोट घोट."

रमाबाईंनी तसंच लिहिलं.