वाकवलेला पाय

विजेच्या सिगारेटसाठी बासिलिसाने वळलेली तारेची कॉइल तापली की आधी मधोमध लाल व्हायची, मग लाली दोन्ही टोकांकडे सारखी सरकायची. कुठे डाग नाही, कुठे घाई नाही. अख्ख्या इमुस गावातली व्हेप ओढणारी पोरं तिच्या दारात यायची, आणि कुणी घासाघीस केली की ती फटकारायची, "मग जा, कारखान्यातली घे! एका कडेला जळते, दुसऱ्या कडेला झोपते."

त्या दिवशी सकाळी एक कॉइल बिघडली. जाड तारेवर गुंडाळलेली केसासारखी बारीक तार कॉइलच्या पायापाशी, म्हणजे जोडायच्या टोकाशी, तुटली. कॉइल तापली की ती तुटकी तार हळूहळू बाहेर उलगडणार. बासिलिसाने नेहमीप्रमाणे तिचा पाय काटकोनात वाकवला आणि बाजूला टाकली. वाकडा पाय म्हणजे बाद, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या सुनेला नाही.

बासिलिसा जेवून उठली तर टेबल लख्ख पुसलेलं.

"मारिव्हिक, इथली कॉइल कुठंय गं?"

"ती होय? पाय वाकला होता, आई. मी चिमट्याने सरळ केला. डेल्फिनमामा आले होते, त्यांना दिली." सून शाबासकीची वाट बघत हसली.

बासिलिसाने आधी फोन शोधला. डेल्फिन तिचा धाकटा भाऊ, जीपनी, म्हणजे लांब बाकांची प्रवासी जीप, चालवणारा. त्याचा व्हेप म्हणजे नुसती पितळी नळी. आत बॅटरी, वर कॉइल, तिच्यावर पितळी टोपण, खाली बटण. वीज अडवणारं मध्ये काही नाही. तुटकं टोक टोपणाला टेकलं की बॅटरी तिथल्या तिथे फुटणार, आणि नळी त्याच्या ओठांत. बाजारातल्या सुताराचे पुढचे दात असेच गेले होते. तेव्हा बासिलिसाने नाक मुरडलं होतं, "माझ्याकडून घेतली असती तर?"

तिने फोन लावला. नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिकवण तिचीच.

ती घरच्या चपलांवरच थांब्याकडे धावली. डेल्फिनची जीपनी नुकतीच हलली होती. मागच्या पायरीवर उडी घेऊन ती आत घुसली. दोन्ही बाकांवर माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसलेली, गाणी ठणाणा वाजतायत, आणि पार पुढे डेल्फिन, हातात नळी.

"डेल्फिन! बटण दाबू नकोस!"

त्याने आरशातून पाहिलं. "ताई? अगं, तुझ्याकडून भाडं घेईन का मी?"

"नळी! नळी सोड!"

"हवीये तुला? घे की! झकास लागतेय, दोनच झुरके घेतलेत." आणि सुट्टे पैसे देतात तशी त्याने ती खांद्यावरून मागे दिली.

भाडं पुढे जातं त्याच वाटेने नळी मागे निघाली, हातोहात. "आजीबाई झुरका मारणार!" कुणीतरी खिदळलं. एका विद्यार्थिनीने ती एका तरुणाला दिली. त्याने गंमत म्हणून ओठांजवळ नेली, अंगठा बटणावर.

"अंगठा काढ, मेल्या! फुटेल ती!"

हसू तिथेच थिजलं. तरुणाने हात लांब केला, साप धरल्यासारखा. शेजारचा माणूस घेईना. त्याच्या शेजारचा तोंड फिरवून बसला. खड्डा आला, नळी तरुणाच्या हातात उडाली, आणि बासिलिसाने डोळे मिटले. काही झालं नाही. शेवटी एका मासेवालीने ती दोन बोटांत पकडली. "आण इकडे. तुमच्यापेक्षा माझे खेकडे बरे."

बासिलिसाने तिच्याकडून नळी घेऊन तळ फिरवला. बॅटरी मांडीत पडली. मग टोपण काढलं. कॉइलचा पाय सरळ, वाकवल्याचा वळ तेवढा उरलेला. बारीक तार उभी राहिली होती. टोपणापासून नखाच्या जाडीएवढीसुद्धा लांब नव्हती.

डेल्फिनने गाडी कडेला घेतली होती. तो वळून बघत होता, चेहरा पांढराफटक. "कुणी केलं गं हे?"

सुनेचं नाव जिभेवर आलं होतं.

"मी," बासिलिसा सगळ्यांसमोर म्हणाली. "बाद कॉइल. तुकडे करायला हवे होते, नुसती वाकवून ठेवली."

"आता बसायचं की उतरायचं?" मासेवालीने डेल्फिनला विचारलं. कुणी हसलं नाही.

गाडी हलली. बासिलिसाने बॅटरी एका मुठीत धरली, नळी दुसऱ्या, आणि शेवटच्या थांब्यापर्यंत त्या दोन मुठी एकमेकींजवळ येऊ दिल्या नाहीत.