खाडीत बुडवलेली खुडूक

मी एक गावठी कोंबडी बोलतेय. हसू नका. माणसं दिवसभर बोलतात आणि त्यात कामाचं वाक्य औषधालाही सापडत नाही. त्यांचं ऐकून घेता, तर माझंही थोडं ऐका.

माझा जन्म जनीच्या माहेरी, पडवीतल्या डालग्यात, आईच्या पंखाखाली झाला. माझ्या आईला कोणी शिकवणीला पाठवलं नव्हतं. ऊब किती द्यायची, कणी कशी टिपायला लावायची, घार फिरायला लागली की कसा आवाज द्यायचा, सगळं तिच्या अंगातच होतं. जनी लग्न होऊन धरमतरच्या खाडीकाठी सासरी निघाली, तेव्हा तिच्या आईने मला टोपलीत घालून तिच्याबरोबर धाडलं. म्हणजे त्या घरात मी कोणाची असेन तर जनीची.

घरात सासू मनुबाई. जनीचा नवरा शिवदास मुंबईला गोदीत कामाला, सणावाराला यायचा. भात झोडून झालं की जनी मिठागरावर जायची ती पाऊस येईपर्यंत. डोक्यावर मिठाची टोपली आणि पाय खाऱ्या चिखलात. टाचांना अशा भेगा पडायच्या की त्यात मीठ जाऊन बसायचं. संध्याकाळी ती अंगणात बसून पायांना तेल चोळायची आणि ओठ दाबून धरायची. मी तिथेच चरत असायची, म्हणून मला ठाऊक. घरातल्या माणसांना ते कधी दिसलं असेल असं मला वाटत नाही.

स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि सरकारला एकाएकी कोंबड्यांचा पुळका आला होता. शिवदास रजा काढून अलिबागला कसल्याशा शिबिराला गेला आणि शहाणा होऊन परत आला. तीन दिवस लाकडी खुर्चीत बसून हा माणूस कोंबड्या शिकला. मी जन्मभर कोंबडी आहे, पण मला कोणी विचारलं नाही.

"विलायती पिल्लं आनतो," तो आईला म्हणाला. "ती जगली, अंड्यावर आली, की जनी मिठागरावर जानार न्हाय. घरातच धंदा."

"जगली तर," मनुबाई म्हणाली. "न्हाय जगली तर टोपली हाय आनि तिचा डोका हाय."

त्या दिवशी जनीने मला मूठभर जास्त तांदूळ टाकले.

ऐन थंडीत पिल्लं आली. मुंबईहून लाँचने रेवसला, तिथून बैलगाडीने, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. कापसाच्या बोंडाएवढी पिवळी पिल्लं, आणि बरोबर आई नाही. शिवदासने चहाची मोठी लाकडी पेटी आणली, तळाला भाताचा तूस पसरला, मधोमध कंदील टांगला, वर पत्रा झाकला, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ही आता ह्यांची आय."

आई म्हणे. जिला रॉकेल पाजावं लागतं, जिची वात चढवावी आणि उतरवावी लागते, ती आई. वात मोठी झाली की पिल्लं चोची उघडून कोपऱ्यात पळायची, बारीक झाली की एकमेकांच्या अंगावर चढायची. बिचारी जनी त्यांच्यापायी मिठागर सोडून घरी राहिली होती, सारखी पत्रा उचलून बघायची. खरी आई तीच होत होती, फक्त तिला पंख नव्हते.

आता गंमत ऐका. नेमकी त्याच दिवसांत मी खुडूक झाले होते. खुडूक म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसते ती. अंग तापतं, पोटाखालची पिसं गळतात, खाण्यापिण्याची शुद्ध राहत नाही. माझी अंडी मनुबाईने केव्हाच काढून नेली होती, तरी मी रिकाम्या पेंढ्यावर बसून होते. आणि भिंतीपलीकडून त्या पोरक्या पिल्लांची चिवचिव. पंख पसरून मी त्यांना साद घालायची.

जनीला ते कळलं. "आवो, थोडी पिल्लं हिच्याखाली ठेवू का?" तिने शिवदासला विचारलं.

"येडी का खुळी तू? गावठी कोंबडीच्या अंगावर उवा असतात. शिबिरात साहेबांनी सांगलाय, लांब ठेवा."

उवा माझ्या अंगावर. त्याच्या डोक्यात काय होतं ते मी सांगत नाही.

शिवदास मुंबईला परत गेला आणि जाताना सांगून गेला की पंधरा दिवसांनी ते साहेब पेटी बघायला येणार. झालं, मनुबाईच्या डोक्यात साहेब शिरला. "साहेबाला अंड्याची पोळी करून घालाय नको? आनि ही बया खुडूक बसलीय." मग तिने आमच्या खाडीकाठचा जुना इलाज काढला. सकाळी सकाळी मला पाय धरून उलटी नेली आणि खाडीच्या गार पाण्यात बुडवली. पोट थंड पडलं की खुडूक मोडते. एकदा बुडवून भागलं नाही, म्हणून रोज नेली.

जरा डोकं चालवा. घरात पेटीभर पिल्लांना आई हवी म्हणून रॉकेल जळतंय, आणि त्याच घरातली बाई एका आईला पाण्यात बुडवून तिचं आईपण काढून टाकतेय. ह्याला माणसं संसार म्हणतात.

इलाज लागू पडला. अंगातला ताप उतरला. चिवचिव ऐकू यायची, पण ती आता चिमण्यांची असावी तशी. मी अंगणात चरायला लागले आणि साहेबांच्या दिवसापर्यंत अंडीही दिली.

त्या सकाळी मनुबाईला वाटलं, कंदिलाची काच काळी दिसते, साहेब काय म्हणतील. जळता कंदील काढून तिने तापलेल्या काचेवर गार पाण्याचा तांब्या ओतला. काच ताडकन तडकली. साहेब आले, पोळी खाल्ली, न पेटलेला कंदील बघून "छान, छान" म्हणाले आणि गेले. नवी काच मिळणार अलिबागला, तीही दुसऱ्या दिवशी. बिनकाचेची वात उत्तरेच्या वाऱ्यात टिकेना.

दिवेलागणीला जनी माझ्याकडे आली. पदरात गारठलेली पिल्लं होती. माझ्यासमोर बसून तिने एकेक माझ्या पोटाखाली सरकवलं. "घे गो बाय," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते. घे ह्यांना."

मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या पेंढ्यात ही कोण घुसतात, एवढंच मला वाटलं. मी चोच मारली. एकाला, दुसऱ्याला. उठून लांब जाऊन उभी राहिले. मला जनीची कीव येत होती, पण कीव वेगळी आणि ऊब वेगळी. ऊब मागितली म्हणून येत नाही.

ती पिल्लांना घेऊन चुलीपाशी जाऊन बसली. जेवढी तिच्या मांडीवर मावली, त्यांतली थोडी वाचली. बाकीची पेटीच्या कोपऱ्यात एकावर एक चढून चेंगरून मेली.

सकाळी मनुबाई पेटीत डोकावली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही कोंबडीच वंगाळ. पिल्लांना टोचते. आय व्हायची अक्कल न्हाय तिला. शिवा आला की कापू." नाचता येईना अंगण वाकडं.

जनी मेलेली पिल्लं सुपात भरत होती. लग्न झाल्यापासून सासूला उलटून बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. ती हात न थांबवता म्हणाली, "आय व्हती ती, आत्या. खाडीत तुमीच बुडवलीव तिला. सुरी लावायची तर आदी मला सांगा, ती माझ्या म्हायेरची हाय."

मनुबाई आत गेली. मला कापण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पण वाचलेल्या मूठभर पिल्लांवर धंदा होणार नव्हता; दोन दिवसांनी जनीच्या डोक्यावर टोपली आली आणि ती मिठागराच्या वाटेला लागली.

आता उन्हाळा आलाय. मी पुन्हा खुडूक बसलेय. पोटाखाली अंडं नाही, पिल्लू नाही, नुसता पेंढा आहे. मनुबाई दोनदा दारात येऊन बघून गेली. तिने माझे पाय धरायचा विचारसुद्धा करू नये. जनी संध्याकाळी मिठागरावरून येईल, माझ्याखाली काय ठेवायचं ते ती ठेवील. तोवर मला कोणी हात लावायचा नाही.