जनरेटरचा आवाज

दामोदरच्या बोर्डावरून वीज घेतलेल्या कार्यक्रमात आजवर कुणाला साध्या झिणझिण्याही आल्या नव्हत्या, आणि याचा त्याला थोडा गर्व होता. असेना का. बेंगळुरात साउंडवाले पैशाला पासरी मिळतात, लाइटवाले तर गल्लोगल्ली. पण जनरेटरपासून माईकपर्यंत प्रत्येक वायर स्वतः तपासून सगळ्यांना नीट वीज वाटून देणारा माणूस शोधावाच लागतो. लोक त्याला 'ट्रिप अण्णा' म्हणून चिडवायचे. त्याच्या बोर्डात ईएलसीबी नावाचा स्विच असे. वीज भलतीकडे गळायला लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत हा स्विच लाइन तोडतो. पण तो नेमका कार्यक्रम रंगात आल्यावर पडतो, म्हणजे ट्रिप होतो, म्हणून बरीच मंडळी त्याला वगळून लाइन थेट जोडतात. धंद्यात याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. दामोदरने कधी डायरेक्ट केलं नव्हतं.

त्याची बायको मथुरा घरात गायची. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना. चांगली गायची; शेजारची कन्नड मंडळीसुद्धा खिडकीशी थांबायची. दामोदरने जन्मभर परक्यांच्या गळ्यांना वीज पुरवली आणि बायकोच्या हातात एकदाही माईक दिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "पुढच्या वर्षी गणपतीत नक्की," असं तो दरवर्षी सांगायचा. त्यात खोटेपणा नव्हता, नुसता आळस होता.

मग मथुराच्या गळ्यात गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे आवाज जाणार. ऑपरेशन सोमवारी ठरलं, आणि आधीच्या शनिवारी मारतहळ्ळीच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता. वीज दामोदरचीच. तो मंडळाच्या सेक्रेटरीकडे, उल्काकडे गेला. ही पुण्याची मुलगी, इथे कंपनीत नोकरीला. जन्मात कुणाकडे काही न मागितलेल्या माणसाने तिच्याकडे एका गाण्याची जागा मागितली. उल्काने हो म्हटलं आणि तिचे डोळे भरून आले.

मथुरा तो कामावर गेला की तालीम करायची. कुठलं गाणं, ते काही सांगेना.

"तिथंच ऐका," ती म्हणाली. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. "घरात म्हटलं की तुम्ही बरं हाय म्हणणार आणि घोरायला लागणार."

"सरी, बरं," तो म्हणाला. "पयल्या रांगेत बसतो."

शनिवारी तिने हिरवं लुगडं नेसलं, दुखण्याची गोळी घेतली. गोळीच्या जोरावर गळा थोडाच वेळ साथ द्यायचा. पायातल्या चपला खाली काढून ती स्टेजवर चढली. दामोदर पहिल्या रांगेत बसलेला. तिने माईक हातात घेतला, "नमस्कार" म्हणाली, आणि भोंगे मुके झाले.

तो उठून स्टेजच्या बाजूच्या कनातीमागे धावला. बोर्डातला साउंडच्या लाइनचा ईएलसीबी पडला होता. वर केला, पुन्हा पडला. त्याने साउंडचा सगळा जोड, पिना खुपसायच्या खोक्यासकट, लाइटच्या लाइनवर घेतला, तर तीही पडली आणि स्टेज अंधारात गेलं. लाइन बदलूनही वीज गळत होती, म्हणजे गळती साउंडच्या सामानातच होती. आणि त्या सामानाचं टोक मथुराच्या हातात होतं.

मंजुनाथ, त्याचा इतक्या वर्षांचा जोडीदार, पकड घेऊन उभा होता. "डायरेक्ट माड्ला, अण्णा?"

"बेडा, नको," दामोदर म्हणाला.

उल्का धावत आली. "काका, प्लीज. एकच तर गाणं आहे. काकू किती वेळ उभ्या राहणार? त्यांना परत चान्स नाहीये."

हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच. त्याने कनातीच्या फटीतून पाहिलं. मोबाइलच्या उजेडात मथुरा लोखंडी स्टेजवर अनवाणी उभी होती. देवनहळ्ळीच्या एका लग्नात माईकला चिकटलेला गवई त्याने पाहिला होता. त्या माणसाचा हात सुटत नव्हता आणि लोकांना वाटलं होतं, रंगात आलाय.

"स्वल्प थांबा म्हणावं," तो म्हणाला. "आत्ता देतो."

त्याने एकेक पिन उपसायला घेतली. जवळच जनरेटर धडधडत होता. नावाला सायलेंट, पण शेजारी उभं राहिलं की स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. मध्येच मंजुनाथने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अक्का गातायत. माईक नाही, तशाच." दामोदर क्षणभर थांबला. मग त्याला वाटलं, आता हातातलं सोडून कशाला जायचं. लाइन आली की भोंग्यातून सगळंच ऐकू येईल, आपल्यालाही आणि शेवटच्या रांगेलाही. तो पुन्हा खाली वाकला.

घोडं कुठे पेंड खातंय ते थोड्या वेळाने सापडलं. फुलवाल्याने स्टेजला शोभेच्या दिव्यांची माळ लावली होती आणि तिची पिन न विचारता साउंडच्या खोक्यात, कापडाखाली खुपसली होती. माळेचा एक जोड ओल्या गवतात पडला होता. दामोदर ते खोकं एका लाइनवरून दुसरीवर नेताना दुखणंही बरोबर नेत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्याने माळेची पिन उपटली, स्विच वर केला. स्विच राहिला. दिवे लागले आणि टाळ्या झाल्या.

टाळ्या दिव्यांना नव्हत्या. तो धावत पुढे आला तेव्हा मथुरा गळ्यावर हात धरून खुर्चीत बसली होती. गाणं संपलं होतं.

रविवारी तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. "आता म्हण की. माझ्यापुरतं." तिने मान ताठ केली, तोंड उघडलं. वारा आला, सूर आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि मग त्यानेच तिच्या तोंडावर हात ठेवला. सोमवारी ऑपरेशन झालं.

पुढे उल्काने व्हिडिओ पाठवला. तिसऱ्या रांगेतून घेतलेला. मथुराचे ओठ हलताना दिसतात, हात हलताना दिसतो. ती मधून मधून उजवीकडे बघते. तिकडे कनातीमागे बोर्ड होता. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज आहे, जनरेटरचा. दामोदरने फोन कानाला लावला, हेडफोन लावून पाहिले, एका रेकॉर्डिंगवाल्याकडे नेला. तो म्हणाला, जनरेटरचा आवाज काढला तर गाण्याचाही जातो.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. साउंड बंद, लाइट बंद. त्या वेळी जनरेटरचं काही कामच नव्हतं. एक बटण दाबायचं होतं. मैदान शांत झालं असतं आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली असती. त्यालाही ऐकू आली असती. डायरेक्ट केलं नाही याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. माळेची ती गळती जिवावर बेतली असती की नुसत्या झिणझिण्यांवर भागलं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. पण त्या बटणाचं दुःख त्याच्या मनातून जाईना.

"मला ऐकू आलं नाही गं," तो एका दुपारी तिला म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

मथुराने मान हलवली. तिला ते माहीत होतं. तिने त्याचा तळवा पसरला आणि गाण्याचं नाव बोटाने लिहिलं. त्याची आई जात्यावर म्हणायची ते गाणं होतं. शब्द त्याला पाठ होते. मथुराने ते कसं म्हटलं, एवढंच माहीत नव्हतं.

उन्हाळ्यात बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याच्या समारंभात बोर्डातला स्विच पडला. मंजुनाथ सवयीने पिना उपसायला धावला. दामोदर आधी जनरेटरकडे गेला आणि त्याने तो बंद केला.

"अण्णा, तो कशाला?" मंजुनाथने विचारलं.

दामोदरने हाताने त्याला गप्प राहायला सांगितलं. मैदान एकदम शांत झालं. स्टेजकडे तोंड करून तो कान देऊन उभा राहिला. तिथे कुणी गात नव्हतं.