मनगटाएवढं झाड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅलिपर आहे. झाडाचं खोड दोन जबड्यांत धरायचं आणि त्याची जाडी सांगायची, एवढंच माझं काम. स्लोवाकियातल्या एका सुताराने मला नासपतीच्या लाकडातून घडवलं आणि मी व्हेंडेलिन वनपालाच्या हाती आलो.

व्हेंडेलिनचं बीच नावाच्या झाडांचं रान म्हणजे शाळेची प्रार्थनाच! एका वयाची, एका उंचीची सरळसोट झाडं आणि खाली नुसता पाचोळा. वाकडं किंवा पोकळ झाड दिसलं की त्यावर लाल पट्टा ओढायचा. बाकीचीही शंभरीच्या आत तोडणीला जायची. बारक्या झाडांना तर आम्ही मोजतच नसू. मोठ्या खोडाला मला लावताना ती आड आली, की व्हेंडेलिन कोयत्याने उडवून टाकायचा. माझं माप चुकत नाही म्हणून सगळे माझं कौतुक करत आणि मीही फुगून बसे.

एकदा आम्ही डोंगरापलीकडच्या जुन्या रानात गेलो. तिथे कुऱ्हाड कधी शिरलीच नव्हती. राखणीला व्हेंडेलिनची धाकटी बहीण ओटिलिया होती. वादळात बरीच झाडं पडली होती आणि रान साफ करा, असा गावाचा धोशा होता. कोणती झाडं काढायची ते व्हेंडेलिन ठरवणार होता. ओटिलियाला एकही जाऊ द्यायचं नव्हतं.

अरे देवा, काय ते रान! पहिल्याच झाडाला माझे जबडे पुरेनात. पणजोबा, नातवंडं, मेलेली, मरायला टेकलेली, सगळी एकाच ठिकाणी. आडव्या खोडांवर हातभर शेवाळ आणि त्या शेवाळात कोवळी रोपं.

"ओटी, हे रान आहे की माळ्यावरची अडगळ?"

"नावं नंतर ठेव, दादा. आधी पाय कुठे देतोस ते बघ."

दुसरं झाड जरा आवाक्यातलं होतं. मला लावायला एक मनगटाएवढं झाड आड येत होतं. व्हेंडेलिनने सवयीने कोयता चालवला.

"दादा, थांब!" ओटिलिया ओरडली. पण ते पडलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली आणि खिशातलं भिंग काढून बुंध्यावरची वर्तुळं मोजू लागली.

"शंभरच्या पुढे गेलं. अजून संपत नाहीयेत."

"चेष्टा पुरे हं. एवढंसं तर आहे!"

"मग तूच बघ ना! या मोठ्याच्या सावलीत उभं होतं बिचारं. हे पडलं की उजेड येईल, मग वाढू, म्हणून."

व्हेंडेलिनने भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक वर्तुळ मोजलं. "ओटी, माझ्या अख्ख्या रानात एवढं म्हातारं झाड नाही गं." त्याच्या दुसऱ्या हातात मी होतो. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्या दिवशी लाल रंगाच्या डब्याचं झाकण उघडलंच नाही. या रानातलं काहीही हलवायचं नाही, असं व्हेंडेलिनने गावाला ठणकावून सांगितलं. ओटिलियाचं रान वाचलं.

मित्रांनो, बारीक दिसतं म्हणून कुणाला कोवळं समजू नका आणि हात उगारण्याआधी क्षणभर थांबा. मला जाडी कळते, वय कळत नाही. पुढच्याच हिवाळ्यात ते मोठं झाड वादळात कोसळलं. वर आभाळ मोकळं झालं आणि भरपूर ऊन खाली उतरलं, थेट त्या कापलेल्या बुंध्यावर.