बोटभर आखूड दोरा

पापनाशमहून एकोजीरावांचा गडी आला आणि त्याने धाकट्या धन्याच्या, अमरसिंहाच्या, डोक्याचे माप दिले. माप म्हणजे गाठ मारलेला दोरा. सांबशिवअप्पांनी तो गेल्या वर्षीच्या दोऱ्याशेजारी धरला, तर बोटभर आखूड!

अप्पांची मती गुंग झाली. तंजावरात राजवाड्याजवळ त्यांचे पगड्या, शेले, कमरपट्ट्यांचे दुकान. राज्य खालसा झाले, दरबार उठला, कचेरीतले कारकून गिऱ्हाईक झाले. पण माणसाचे डोके आटवणे इंग्रजालाही जमले नव्हते.

"रंग कोणता?"

"तुम्हांस ठावूकच की, अप्पा. परवा बांधायची," गडी खाली बघत म्हणाला.

डोंबलाचे ठाऊक! पण लग्नाचा माल असलेल्या या दुकानात कुणी अभद्र बोलायचे नाही, हा अप्पांचाच दंडक. लोक शिंकायलासुद्धा बाहेर जात. गडी तोंड मिटून परत गेला.

माप चुकले, की दोरा भिजून आटला? अप्पांनी तो दहादा मोजला. "अय्यो, विचारून घ्यायचे की!" बायको भागीरथी म्हणाली. पण तीस वर्षे पगड्या बांधणारा माणूस गड्याला काय विचारणार? एकोजीरावांनी लेकाचे लग्न ठरवले असणार, असे धरून त्यांनी जुन्याच मापाची लाल, जरीची पगडी बांधली. तरी मन मानेना, म्हणून डबा घेऊन स्वतःच आगगाडीत बसले.

एकोजीरावांच्या ओसरीवर मंडळी बसली होती. मधोमध अमरसिंह, दाट केस साफ उतरवलेला. एकोजीराव गेले होते. घराचे धनीपण लेकाच्या डोक्यावर ठेवणारी पांढरी पगडी आज बांधायची होती, आणि डब्यात होती लाल, जरीची.

"अप्पा, तुमच्याच हातची हवी असे ते सांगून गेले," अमरसिंहाची आई म्हणाली.

अप्पांना लाज वाटली आणि रडूही कोसळले. डबा त्यांनी उघडलाच नाही. स्वतःची पांढरी पगडी उतरवून उलगडली आणि चारचौघांत उघड्या डोक्याने ती अमरसिंहाच्या तुळतुळीत डोक्यावर बांधू लागले. एक म्हातारा पुटपुटला, पण कुणी अडवले नाही.

शेवटचा वेढा खोचून त्यांनी विचारले, "सैल नाही ना, बाळराजे?"

"नाही. जड लागते, अप्पा."

"लागणारच. तुमचे आजोबा गेले तेव्हा आबासाहेबांना मीच बांधली होती. तेही हेच म्हणाले होते."